अनसूया म्हणजे काय?

मार्गशीर्षातील पौर्णिमा जवळ आली की आपल्या देवळात दत्तजन्माची तयारी सुरू होते. पाळणा सजतो, सुंठवडा कुटला जातो, आणि त्या सायंकाळी कीर्तनकारबुवांच्या मुखातून अत्रिऋषींचे व अनसूयामातेचे नाव आपण कितीतरी वेळा ऐकतो. परंतु ‘अनसूया’ या शब्दाचा अर्थ काय, हे पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मला ठाऊक नव्हते. हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही. कारण ज्यांना ज्यांना मी विचारले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ‘थोर पतिव्रता’ एवढेच उत्तर दिले. ते खरेच आहे. पण ते त्या मातेचे वर्णन झाले, तिच्या नावाचा अर्थ झाला नाही.

जिच्या ठिकाणी असूया नाही ती अनसूया. मग असूया म्हणजे काय? आपण तो शब्द मत्सराच्या जोडीने वापरतो आणि दोन्हींचा अर्थ एकच समजतो. अमरकोशाने मात्र असूयेची व्याख्या फार नेमकी केली आहे. गुण असेल तेथेसुद्धा दोषाचा आरोप करणे, याला त्या कोशात असूया म्हटले आहे. मत्सरी मनुष्याला दुसऱ्याचा उत्कर्ष सहन होत नाही. पण तो उत्कर्ष आहे एवढे तरी त्याला दिसते. असूया त्याच्या एक पाऊल पुढे जाते. हा उत्कर्षच नव्हे, असे ती म्हणते. कोणी अन्नदान केले, तर ‘नावासाठी केले’. सून घरात कमी बोलते, तर ती गर्विष्ठ. बोलू लागली, तर वाचाळ. आरती झाल्यावर एखादा मुलगा मागे राहून सभामंडप झाडतो, तर ‘प्रसाद जास्त मिळावा म्हणून’. यांपैकी एकही वाक्य आपल्या कानांवर आले नाही असे छातीवर हात ठेवून सांगणारा वाचक मला भेटला, तर मी त्याला नमस्कार करीन. मी स्वतः तसा नाही, हे पुढे दिसेलच.

भगवद्गीतेत हा विषय किती वेळा आला आहे, ते लक्षपूर्वक पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी आपल्या मतास अनुसरणाऱ्यांची लक्षणे सांगताना श्रद्धेच्या जोडीला अनसूया ठेवली आहे. नवव्या अध्यायाच्या अगदी आरंभी, जे अत्यंत गुह्य ज्ञान ते मी तुला सांगतो, असे म्हणताना अर्जुनाची एकच पात्रता सांगितली आहे, ती म्हणजे तो असूयारहित आहे. आणि अठराव्या अध्यायात, सर्व सांगून झाल्यावर, हे कोणास सांगू नये याची यादी करताना भगवंतांची असूया करणाऱ्याला वगळले आहे. आणि थोड्याच अंतरावर, श्रद्धेने व असूया न धरता जो केवळ ऐकेल त्यालाही शुभ गती सांगितली आहे. इतक्या महत्त्वाच्या जागी हा शब्द येतो, आणि आपण तो वाचून पुढे जातो.

येथे एक शंका येईल. अर्जुन का निर्दोष होता? त्याने धनुष्य खाली ठेवले. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो भगवंतांनाच म्हणतो की, तुम्ही संमिश्र बोलून माझी बुद्धी गोंधळात टाकता. चौथ्या अध्यायात तर, तुमचा जन्म अलीकडचा आणि विवस्वानाचा फार पूर्वीचा, मग तुम्ही त्याला हा योग सांगितला हे मी कसे समजावे, असा सरळ प्रश्न त्याने केला आहे. पाचव्याच्या आरंभी पुन्हा तक्रार आहेच. इतक्या शंका काढणाऱ्याला भगवंत असूयारहित म्हणतात! विचार केल्यावर मला असे वाटू लागले की, शंका आणि असूया यांतील भेदच येथे दाखविला आहे. शंका घेणारा उत्तराची वाट पाहतो. असूया करणाऱ्याने निकाल आधीच लावून ठेवलेला असतो. तो विचारतो तेव्हाही ऐकण्यासाठी विचारीत नाही.

आता अनसूयामातेच्या कथेकडे वळू. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात ती आहे आणि आपण सर्वांना ती पाठ आहे, म्हणून विस्तार करीत नाही. तीन देव अतिथीच्या वेषाने आले. त्यांचा हेतू सरळ नव्हता. तिचे सत्त्व ढळावे म्हणूनच त्यांनी ती अवघड मागणी केली होती. अतिथींच्या मनातले कपट त्या साध्वीला कळले नसेल असे नाही. पण दारी भुकेला आला आहे, ही गोष्टही तितकीच खरी होती. तिने त्या दोन खऱ्या गोष्टींपैकी दुसरी धरली. भुकेल्याकडे तिने आईच्या दृष्टीने पाहिले आणि परीक्षक तिच्या मांडीवर तान्ही बाळे होऊन राहिले. कीर्तनात हा प्रसंग चमत्कार म्हणून रंगतो. माझ्या अल्प बुद्धीला त्यात चमत्कारापेक्षा तिच्या नावाचा अर्थ अधिक दिसतो.

अशा मातेच्या पुत्राने पुढे काय केले? भागवताच्या एकादश स्कंधात, सातव्यापासून नवव्या अध्यायापर्यंत, यदुराजा आणि एक अवधूत यांचा संवाद आहे. भागवतात त्या अवधूताचे नाव दिलेले नाही. पण परंपरा त्यांना दत्तात्रेयच मानते. आपल्या चोवीस गुरूंची नावे ते राजाला सांगतात. पृथ्वी, वायू, आकाश, जल, अग्नी, चंद्र, सूर्य येथपर्यंत ऐकणाऱ्याला नवल वाटत नाही. पण पुढे कबुतर येते, अजगर येतो, पतंग येतो, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरिण आणि मासा येतात. पिंगला नावाची वेश्या येते. टिटवीसारखा ओरडणारा कुरर पक्षी, लहान मूल, कुमारिका, बाण करणारा कारागीर, सर्प, कोळी, कुंभारीण माशी असे करीत यादी पूर्ण होते.

यांतील दोन-तीन गुरूंपाशी थोडे थांबण्यासारखे आहे. पिंगला त्या रात्री धनिक पुरुषाची वाट पाहत दारात उभी होती. जग तिच्या धंद्याकडे पाहत आले आहे. अवधूतांनी त्या रात्रीचा उत्तरार्ध पाहिला. कोणी आले नाही, आशा संपली, आणि ती शांतपणे झोपली. त्या झोपेला त्यांनी गुरू केले. कुमारिकेची गोष्ट याहून लहान, पण मला फार आवडते. घरची माणसे बाहेर गेलेली, तिला मागणी घालण्यास पाहुणे आलेले, आणि त्यांच्या जेवणासाठी ती एकटीच आत भात कांडीत बसली. हातातील कांकणे वाजू लागली. कांडण घरच्याच मुलीला करावे लागते, हे पाहुण्यांना कळेल या लाजेने तिने एकेक कांकण उतरविले, ते शेवटी प्रत्येक हातात एक उरेपर्यंत. दुसऱ्या कोणी हे पाहिले असते तर घरच्या गरिबीची बातमी गावभर केली असती. अवधूतांना तेथे एकांताचा धडा मिळाला. आणि तो बाण करणारा! रस्त्याने राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी याने मान वर केली नाही. दरबारातील एखाद्याला हा उद्धटपणा वाटला असता. अवधूतांना ती एकाग्रता वाटली.

येथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे दोषांकडे डोळेझाक करावी असेच ना? आपल्या देवळाचा हिशेब तपासणाऱ्याने जमाखर्चातील चूक पाहू नये काय? वैद्याने रोग पाहू नये काय? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच चोवीस गुरूंत आहे. मधमाशीचेच पाहा. लहान-मोठ्या सर्व फुलांतून सार घ्यावे, हा तिच्यापासून मिळालेला एक धडा. पण साठा करून ठेवते म्हणून साठ्यासकट तिचा नाश होतो, हा तिच्याचपासून मिळालेला दुसरा. कबुतराचा तर गुण सांगितलेलाच नाही. पिल्लांच्या मोहाने ते स्वतः होऊन पारध्याच्या जाळ्यात शिरले, एवढेच सांगितले आहे. पतंग रूपाला भुलतो, हरिण गाण्याला, मासा जिभेला. म्हणजे अवधूतांना दोष स्पष्ट दिसत होते, कदाचित आपल्यापेक्षाही अधिक स्पष्ट. तरीसुद्धा त्या कबुतराला ते मूर्ख म्हणून सोडून देत नाहीत. गुरू म्हणतात आणि त्याला आपल्या नमस्कारात जागा देतात. दोष दिसणे ही असूया नव्हे. दोष दिसल्याबरोबर त्या जीवाचा सर्व हिशेब संपला असे वाटणे, येथे ती सुरू होते.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पाप्याविषयी उपेक्षा. करुणा आपल्याला बहुधा साधते. शेजारी आजारी पडला तर आपण धावत जातो. त्याच शेजाऱ्याच्या हातून मोठे सत्कृत्य घडले तर मात्र धावत जाऊन आनंद व्यक्त करण्यास पाय जड होतात. चौथी भावना उपेक्षा. आपल्या बोलण्यात उपेक्षा म्हणजे अवहेलना. पतंजलींचा अर्थ तो नाही. दुसऱ्याचे पाप मनात घोळवीत बसू नये, इतकाच तो अर्थ आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण करताना जे मागणे मागितले, तेही असेच आहे. दुर्जन नाहीसे व्हावेत असे त्यांनी मागितले नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले.

एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली. ती त्यांनी काशीस शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण केली. हे काम चालू असता काशीतील पंडितांनी प्राकृत भाषेचा दोष काढून नाथांना जाब विचारला, आणि ग्रंथ ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आपण ती कौतुकाने ऐकतो आणि त्या पंडितांना नावे ठेवतो. पण आमच्या बडोद्यात मी असेही उद्गार ऐकले आहेत की, मराठी देवळात गुजराती दत्तबावनी कशाला? नारेश्वरचे श्रीरंग अवधूत महाराज जन्माने मराठी घरातले. त्यांनी १९३५ मध्ये ती बावनी गुजरातीत रचली आणि गुजरातेत घरोघर दत्तभक्ती पोहोचविली. काशीचे पंडित फार लांब राहतात असे समजण्याचे कारण नाही.

आता जे सांगण्यासाठी मी लेखणी हाती घेतली, ते सांगतो. ज्या गृहस्थांविषयी हे आहे त्यांची अनुमती मी घेतली आहे. देवळात लहानथोर सर्वजण त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही तेवढेच म्हणतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तजयंतीपूर्वीचा गुरुचरित्राचा सप्ताह देवळात माझे वडील वाचतात. त्या वर्षी दुसऱ्याच दिवशी त्यांना ताप भरला. तिसऱ्या दिवसाचे वाचन काकांनी करावे, असा निरोप त्यांनी अंथरुणावरून पाठविला. माझ्या मनाला ते लागले. माझे उच्चार स्वच्छ, शाळेत संस्कृतमध्ये माझा पहिला क्रमांक. आणि मी घरात असता वडिलांनी बाहेरच्याला सांगावे! मी दुसरी पोथी घेऊन काकांच्या शेजारी बसलो. मनात काय होते ते आता लपवीत नाही. चूक सापडावी म्हणूनच मी बसलो होतो.

चूक सापडली. काका पान उलटीत ते वेळेवर उलटीत नसत. ओव्या पुढे गेल्या तरी पान मागचेच. एके ठिकाणी एक ओवी गळली. मी मोठ्याने म्हणालो, “काका, पान चुकले.” ते थांबले. पोथीच्या कडेवरून त्यांनी बोटे फिरविली आणि पुढे म्हणू लागले. पुन्हा तसेच झाले, तेव्हा मी म्हणालो, “येथे नव्हे, पुढच्या पानावर. नीट पाहून वाचावे.” सभामंडपात तीस-चाळीस माणसे होती, त्यांत काकांची सूनबाई व नातूही होता. वाचन चालू असता मध्ये कोणी बोलू नये, हा सप्ताहाचा अगदी पहिला नियम. शुद्ध वाचनाच्या अभिमानात तो मी दोनदा मोडला, हे माझ्या ध्यानातही आले नाही. काकांनी त्या दिवसाचे अध्याय पुरे केले, पोथी वस्त्रात बांधली, प्रदक्षिणा घातली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. वाचन मला मिळाले.

पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा वडिलांनी मला प्रसाद घेऊन काकांच्या घरी पाठविले. दिवेलागणीची वेळ होती. सूनबाईंनी दार उघडले आणि म्हणाल्या, “आत बसले आहेत, थांबा, दिवा लावते.” खोलीत पूर्ण काळोख होता आणि काळोखातून गुरुचरित्राच्या ओव्या ऐकू येत होत्या. दिवा लागल्यावर पाहिले, तर काका पाटावर बसले होते. पुढे चौरंग होता, चौरंगावर पोथी नव्हती. त्या दिवसाचे जे अध्याय मी सकाळी देवळात वाचले होते, तेच ते म्हणत होते.

काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेला होता, उजव्याने उजेड आणि सावली इतकेच कळे. या रोगाने गेलेली दृष्टी परत येत नाही, एवढे मला त्या दिवशी सूनबाईंकडून कळले. काकांनी घरच्यांना बजावले होते की, देवळात कोणाला सांगू नका, सांगितले तर दयेने का होईना पण माझी सेवा काढून घेतील. पोथीची पाने ते उलटीत ती केवळ लोकांना कळू नये म्हणून, अंदाजाने. बाकी सर्व मुखोद्गत होते. ज्याला मी निष्काळजीपणा समजलो, तो पस्तीस वर्षांचा पाठ होता. अमरकोशातील व्याख्या माझ्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलेली होती. तिचे उदाहरण म्हणून मीच उभा राहिलो.

मी काही बोलण्यापूर्वी काकाच म्हणाले, “बाळ, तुझे बरोबर होते. एक ओवी गळली होती. रात्री माझ्या लक्षात आले.” मला वाटते, त्यांनी रागावून दोन शब्द ऐकविले असते तर मला ते सोपे गेले असते.

घरी येऊन मी वडिलांना सर्व सांगितले. ते म्हणाले, “मला ठाऊक होते.”

“बाबा, मग मला आधी का नाही सांगितले?”

“त्यांनी कोणाला सांगू नये म्हटले होते. आणि तुला सांगण्याची गरज पडेल असे मला वाटले नव्हते.” थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “ओवी गळली, हे तू खोटे सांगितले नाहीस. पण शेकडो ओव्या बरोबर म्हटल्या गेल्या, त्यांतली एक तरी तुला ऐकू आली का?”

“म्हणजे चूक सांगायचीच नाही?”

“सांगायची. वाचन संपल्यावर, घरी पोहोचवायला जाताना, कानात. ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त म्हणून आले असते.”

मी काकांकडे पुन्हा गेलो, क्षमा मागितली, त्यांनी ती केली. पुढच्या वर्षी वडिलांनी त्यांना वाचनास बसण्याची विनंती केली. मी शेजारी बसून पाने उलटीन, असेही मी म्हणालो. त्यांनी हात जोडले. आता सर्वांना कळले आहे, आता मी वाचत नाही, म्हणतो, आणि सप्ताहात वाचायचे असते, असे ते म्हणाले. यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

सप्ताह आता मीच वाचतो. काका नातवाचा हात धरून येतात आणि उजवीकडच्या दुसऱ्या खांबाला टेकून बसतात. माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलत असतात. मी कोठे चुकलो की ते ओठ क्षणभर थांबतात आणि मी पुढे गेलो की पुन्हा हलू लागतात. वाचन संपल्यावर त्यांना घरी पोहोचवायला मी जातो. वाटेत नाक्यावर रहदारी कमी झाली, की ते माझा हात थोडा दाबतात आणि मला कोणती ओवी ते सांगतात.